गोखल्यांच्या जंत्रीपासून ‘पिसा’च्या क्रमवारीपर्यंत

१६ मार्च १९११ रोजी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे आपले विधेयक मांडले. मागणी फार मोठी नव्हती. ज्या ठिकाणी मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचले असेल, तेथील स्थानिक संस्थेस सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी शिक्षण सक्तीचे करता यावे, इतकेच ते विधेयक म्हणत होते. परंतु त्याच्या पुष्ट्यर्थ गोखल्यांनी सभागृहापुढे ठेवलेला पुरावा हिंदुस्थानच्या सरकारला चांगलाच झोंबणारा होता. तो पुरावा म्हणजे जगातील देशांची एक जंत्री. एकूण लोकसंख्येपैकी शेकडा किती माणसे प्राथमिक शाळेत शिकत आहेत, एवढाच तिचा प्रश्न. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २१, जपानात ११, इटली, ग्रीस व स्पेन या देशांत ८ ते ९, पोर्तुगाल आणि रशिया या युरोपातील मागासलेल्या गणल्या जाणाऱ्या देशांत ४ ते ५, आणि ब्रिटिश हिंदुस्थानात १.९.

फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केलेल्या आणि अंकगणिताचे शालेय पुस्तक रचणाऱ्या या गृहस्थास आकड्यांची ताकद ठाऊक होती. तिचा पुरेपूर उपयोग त्यांनी केला, आणि त्यातील सर्वांत मार्मिक आकडा आपल्या बडोद्याचा होता. युरोप-अमेरिकेची उदाहरणे दिली की हवामान, धर्म, दारिद्र्य, जातिभेद अशी नाना कारणे पुढे करता येत. बडोद्यापुढे ती लटकी पडत. तेच हवामान, त्याच जाती, तेच दारिद्र्य. आणि तरीही सयाजीराव महाराजांच्या राज्यात लोकसंख्येच्या शेकडा ८.६ शाळेत. शाळेच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात शेकडा ७९.६ शिकत होते, ब्रिटिश मुलखात २१.५, मुलींपैकी बडोद्यात ४७.६, ब्रिटिश मुलखात ४. १८९३ साली अमरेली तालुक्यातील मोजक्या गावांत सुरू झालेला आणि १९०६ साली संपूर्ण राज्यास लागू झालेला सक्तीचा प्रयोग अशा रीतीने कलकत्त्याच्या सभागृहात साक्षीदार म्हणून उभा राहिला.

विधेयक १९ मार्च १९१२ रोजी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. जंत्री मात्र टिकली. पुढली तीस-पस्तीस वर्षे स्वराज्याची मागणी करणाऱ्या प्रत्येक वक्त्याने या ना त्या स्वरूपात ती वापरली.

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात आकड्यांचा हा पसारा कशाला, असे एखाद्या सभासदास वाटेल. कारण असे की राष्ट्रांना शिक्षणाच्या कसोटीवर एकाखाली एक बसविण्याचा हा खेळ आज जगभर मोठ्या इरेसरीने खेळला जातो. दर तीन-चार वर्षांनी एक यादी प्रसिद्ध होते आणि कोठे मंत्री अडचणीत येतात, कोठे अभ्यासक्रम बदलतात. आपल्या देशाने तर एकदा त्या यादीत नाव पाहिले आणि पुन्हा परीक्षेस बसणेच सोडून दिले. ही क्रमवारी न्याय्य असते काय, हा प्रश्न तिच्या इतिहासाकडे पाहिल्यावाचून सुटणारा नाही. आणि त्या इतिहासाची एक शाखा बडोद्यातून जाते.

प्रथम गोखल्यांचीच जंत्री तपासू. तीत एक उघड उणीव होती. लोकसंख्येपैकी किती लोक शाळेत आहेत हे प्रमाण दोन गोष्टींवर अवलंबून असते : किती मुले शाळेत येतात, आणि आलेली मुले किती वर्षे तेथे राहतात. आठ वर्षांचे प्राथमिक शिक्षण असलेल्या देशाचा आकडा सहा वर्षांच्या देशापेक्षा मोठा दिसणारच. जपानात १९०७ साली सक्तीची मुदत चारावरून सहा वर्षांवर नेण्यात आली होती आणि शाळेच्या वयाची बहुतेक सर्व मुले तोवर शाळेत दाखल झालेली होती. म्हणजे अमेरिकेचे २१ आणि जपानचे ११ पाहून जपान अमेरिकेच्या निम्म्याने शिकलेला, असे कोणी म्हणेल तर तो मोठाच अन्याय होईल. जंत्रीतील मधल्या देशांचा क्रम असा डळमळीत होता.

दुसरी गोष्ट आपल्या घरची आहे आणि ती बडोदेकरांनी मनमोकळेपणाने मान्य करावी. त्याच १९११ सालच्या खानेसुमारीत साक्षर कोणास म्हणावे याची कसोटी प्रथमच कडक केली गेली : मित्रास पत्र लिहिता यावे आणि त्याचे आलेले उत्तर वाचता यावे, तर तो साक्षर. या कसोटीने बडोदे राज्यात दरहजारी १०१ माणसे साक्षर भरली. सबंध हिंदुस्थानचा आकडा ५९ होता, तेव्हा हे यश लहान नव्हते. पण सक्तीचा कायदा नसलेल्या त्रावणकोरात आणि कोचीनमध्ये तो आकडा १५० च्या घरात होता. पटावरील मुलांची संख्या विचारली तर बडोदे हिंदुस्थानात अग्रभागी, वाचता-लिहिता येणारी माणसे विचारली तर मलबार किनारा पुढे. खोटा यांपैकी कोणताच आकडा नाही. सक्तीचा कायदा होऊन पाचच वर्षे झालेल्या राज्यातील प्रौढ पिढी एकाएकी साक्षर होणार नव्हती. आणि पटावर नाव चढलेले मूल वाचू लागतेच असे नाही. तुलनेचा प्रश्न बदलला की पहिला नंबर बदलतो.

बडोद्याच्या दरबारास हे कळत होते, याचा पुरावा आपण ज्या चळवळीचे वारस आहोत ती ग्रंथालय चळवळ हाच आहे. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणवून ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले; पुढे त्या खात्याची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी वाहिली. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक पडले नाही तर चार वर्षांत तो अक्षरे विसरतो, ही त्यामागील जाणीव होती. शाळेचा पट एवढेच जर शिक्षणाचे माप मानले असते, तर गावोगावी वाचनालये काढण्याचा आणि फिरत्या पेट्या पाठविण्याचा खर्च कोणत्याही हिशेबात बसला नसता.

हे सारे दोष लक्षात घेऊनही त्या जंत्रीतील एक आकडा हलत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचे १.९. शाळेची मुदत चार वर्षांचीच धरा, मुली वगळा, मोजणीतील चुका जमेस धरा. काहीही केले तरी तो आकडा इतर देशांच्या जवळपास फिरकत नाही. कोण अकरावा आणि कोण बारावा हे सांगण्यास ती जंत्री अपात्र होती. पण कोट्यवधी मुलांपर्यंत शाळा पोहोचलेलीच नाही हे सांगण्यास ती पुरेशी होती. गोखल्यांनी तिच्याकडून एवढेच काम करवून घेतले. हा भेद ध्यानी ठेवला म्हणजे पुढील शंभर वर्षांतील पुष्कळ वाद सोपे होतात.

तुलनेची ही हौस गोखल्यांच्याही आधीची. १८१७ साली पॅरिसच्या मार्क-आंत्वान ज्युलियन या गृहस्थांनी युरोपातील शिक्षणसंस्थांना पाठविण्यासाठी प्रश्नावल्या तयार केल्या आणि उत्तरांचे तक्ते मांडून देशादेशांची तुलना करावी अशी योजना सुचविली. योजना कागदावरच राहिली. शिक्षणाच्या तुलनेला धार आली ती युद्धांमुळे : १८६६ साली सदोवाच्या रणांगणावर प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला, तेव्हा ती लढाई प्रशियाच्या शाळामास्तराने जिंकली असे बोलले जाऊ लागले, आणि शेजारच्या देशांतील पंतोजींकडे मुत्सद्दी लोक आस्थेने पाहू लागले. आपल्याकडे १८३५ ते १८३८ या काळात विल्यम ॲडम यांनी बंगाल-बिहारातील देशी शिक्षणाची पाहणी केली आणि त्या मुलखात सुमारे एक लाख गावशाळा असाव्यात असा अंदाज दिला. त्या एका आकड्यावरून जवळजवळ शंभर वर्षांनी वाद पेटला. १९३१ साली लंडनमध्ये महात्मा गांधींनी, पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा हिंदुस्थान आज अधिक निरक्षर आहे, असे विधान केले; सर फिलिप हार्टॉग यांनी त्याचा पुरावा मागितला आणि उभयतांमध्ये बराच पत्रव्यवहार झाला. वादाच्या मुळाशी प्रश्न व्याख्येचा होता. घरच्या पडवीत चार मुले जमवून चाललेल्या शिकवणीस शाळा म्हणावयाचे की नाही? होय म्हटले तर ॲडमचा आकडा उभा राहतो, नाही म्हटले तर कोसळतो.

मुलांनी प्रत्यक्ष काय आत्मसात केले हे देशोदेशी एकाच प्रश्नपत्रिकेने तपासण्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९५८ साली हॅम्बुर्ग येथील युनेस्कोच्या शिक्षणसंस्थेत काही संशोधक जमले आणि त्यातून आय. ई. ए. या नावाने ओळखली जाणारी संघटना जन्मली. जग ही एक मोठी प्रयोगशाळा आहे, निरनिराळे देश निरनिराळ्या रीतींनी शिकवितात, तेव्हा त्यांच्या तुलनेतून कोणत्या रीतीचा काय परिणाम होतो ते कळेल, अशी त्यांची भाबडी पण प्रामाणिक आशा होती. शर्यत लावणे हा हेतू नव्हता. १९६४ साली बारा देशांत गणिताची चाचणी झाली, १९६७ साली स्वीडनचे तोर्स्तेन हुसेन यांच्या संपादकत्वाखाली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि वृत्तपत्रांनी दुसऱ्याच दिवशी शर्यत लावली. शालान्त वर्गांच्या गणितात अमेरिका तळाशी होती. रशियाच्या स्पुटनिकने आधीच हादरलेल्या देशात यावरून काय गहजब झाला असेल, त्याची कल्पना वाचकांनीच करावी.

हुसेन यांचे स्पष्टीकरण आजही वाचण्यासारखे आहे. अमेरिकेत त्या वयाची बहुसंख्य मुले शालान्त वर्गापर्यंत शाळेत टिकत. युरोपातील अनेक देशांत निवडक मुलेच तेथवर पोहोचत, बाकीची कारखान्यात वा शेतावर गेलेली असत. निवडकांची सरासरी आणि सर्वांची सरासरी यांची तुलना करून सर्वांना शिकविणाऱ्या देशास शेवटचा नंबर देणे म्हणजे, ज्याने अधिक पाहुण्यांना जेवू घातले त्याच्या पानात तूप कमी पडले म्हणून त्यालाच कंजूष ठरविण्यासारखे आहे. प्रत्येक देशाच्या त्या वयोगटातील वरची चार-पाच टक्के मुले तेवढी घेऊन तुलना केली तेव्हा अंतर पुष्कळच कमी झाले.

१९७०-७१ च्या सुमारास झालेल्या पुढील पाहणीत भारत विज्ञान व वाचन या विषयांत सामील झाला. चिली, इराण व थायलंड हेही होते. हे चारही देश श्रीमंत राष्ट्रांच्या बरेच खाली राहिले. भारताच्या नावापुढे जो आकडा छापला गेला, तो प्रत्यक्षात हिंदी भाषिक राज्यांतील मुलांचा होता. त्यात एकही मराठी, बंगाली वा तमिळ शाळा नव्हती. सर्व भारताच्या नावे हा हिशेब लिहिणे न्याय्य होते काय? नव्हते. पण त्याच आकड्यांचा एक वेगळा उपयोग १९८३ साली हेनेमन आणि लॉक्सली या दोन अमेरिकी संशोधकांनी केला, आणि तो क्रमांकापेक्षा कितीतरी मोलाचा होता. अमेरिकेत १९६६ च्या कोलमन अहवालापासून असे मत रूढ झाले होते की मुलाच्या प्रगतीत घरचा वाटा मोठा, शाळेचा थोडा. या दोघांनी २९ देशांची माहिती तपासून दाखविले की गरीब देशांत चित्र उलटे आहे : तेथे शाळा आणि शिक्षक यांच्या गुणवत्तेने पडणारा फरक घरच्या परिस्थितीने पडणाऱ्या फरकापेक्षा अधिक असतो. भारत हे त्याचे ठळक उदाहरण होते. ज्या तक्त्यातून वृत्तपत्रांनी केवळ ‘शेवटून पहिले’ असे वाचले असते, त्याच तक्त्यात आपल्या राज्यकर्त्यांना वाचण्याजोगे हे वाक्य दडलेले होते.

आता ज्या यादीची आज सर्वांत अधिक चर्चा होते तिच्याकडे येऊ. ओईसीडी या श्रीमंत राष्ट्रांच्या संघटनेने २००० सालापासून ‘पिसा’ नावाची चाचणी सुरू केली. शाळेत असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांचा नमुना निवडावयाचा, दोन तासांची प्रश्नपत्रिका द्यावयाची, वाचन, गणित आणि विज्ञान हे तीन विषय; सदस्य राष्ट्रांची सरासरी आरंभी ५०० धरावयाची. पाठ्यपुस्तकातले विचारावयाचे नाही, शिकलेले व्यवहारात वापरता येते काय ते पाहावयाचे, हे तिचे ब्रीद. डिसेंबर २००१ मध्ये पहिले निष्कर्ष आले तेव्हा वाचनात फिनलंड पहिला आणि कांट-हुम्बोल्टचा वारसा सांगणारा जर्मनी एकविसावा होता. जर्मन वृत्तपत्रांनी आकांत केला. तथापि विचारी जर्मनांना खरा धक्का एकविसाव्या क्रमांकाचा नव्हता. मुलाचा बाप कोण आहे यावरून त्याचे गुण किती पडतील हे जर्मनीत जितके अचूक सांगता येत होते, तितके फारच थोड्या देशांत सांगता येत होते. दहाव्या वर्षी मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी करणारी पद्धत समानतेचा दावा करीत होती, आणि तो दावा चाचणीने मोडून काढला. त्यानंतर राष्ट्रीय निकष आले. दिवसभराच्या शाळांसाठी २००३ साली मध्यवर्ती सरकारने चार अब्ज युरोंची योजना आखली. गुण काही काळ वाढले आणि २०२२ मध्ये पुन्हा आजवरच्या नीचांकास आले.

फिनलंडची गोष्ट उलट बाजूची. पहिल्या नंबरानंतर जगभरच्या शिक्षणतज्ज्ञांची तेथे रीघ लागली. गृहपाठ कमी, परीक्षा कमी, म्हणून मुले हुशार, असा सोपा धडा घेऊन मंडळी घरी परतली. वास्तविक २००० साली पंधरा वर्षांची असलेली मुले ज्या समान शाळेत शिकली ती शाळा १९७० च्या दशकात उभारली गेली होती. यशाचे श्रेय कोणत्या धोरणास द्यावयाचे हे त्या यादीवरून कळण्याजोगे नव्हते. २००३ साली गणितात ५४४ गुण मिळविणारा हा देश २०२२ साली ४८४ वर आला, आणि ही घसरण महामारीच्या पुष्कळ आधी सुरू झालेली होती. पाहुणे आता इतरत्र जातात.

क्रमवारीतील अन्यायाचा सर्वांत बोलका नमुना चीनचा आहे. २००९ साली शांघाय शहर स्वतंत्रपणे सहभागी झाले आणि गणितात ६०० गुण मिळवून पहिले आले. शांघाय म्हणजे चीन नव्हे. शिवाय बाहेरगावहून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना नोंदणीच्या नियमांमुळे वरच्या वर्गांसाठी बहुधा मूळ गावी परतावे लागे. २०१५ साली बीजिंग, शांघाय, जिआंग्सू व ग्वांगडोंग यांचा एकत्र गट बसला : गणितात ५३१, क्रमांक सहावा. २०१८ साली ग्वांगडोंग वगळून झेजियांग घेतला गेला : ५९१, क्रमांक पहिला. तीन वर्षांत मुलांच्या डोक्यात एवढा फरक पडला नसावा. व्हिएतनामने २०१२ साली गणितात ५११ गुण मिळवून अमेरिकेस तीस गुणांनी मागे टाकले, तेव्हा कौतुकाचा वर्षाव झाला. पण तेथील पंधरा वर्षांच्या मुलांपैकी जेमतेम ५६ टक्केच त्या नमुन्याच्या कक्षेत येत होती. शाळा सोडून भातशेतीत गेलेली मुले सरासरी बिघडवीत नाहीत. हुसेन यांनी १९६७ साली दाखविलेला हा दोष अर्ध्या शतकानंतरही तसाच होता.

खुद्द ओईसीडी आपल्या अहवालात मान्य करते की नमुन्याच्या चाचणीत अचूक क्रमांक सांगता येत नाही. २०१२ साली गणितात अमेरिकेचा क्रमांक सदस्य राष्ट्रांत सत्ताविसावा छापला गेला, परंतु तो २३ ते २९ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो असे त्याच अहवालात नमूद आहे. ही टीप किती मथळ्यांत आली असेल? २०१४ साली अनेक देशांच्या विद्वानांनी या चाचणीच्या अतिरेकाविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. कला, नागरिकत्व, मातृभाषेतील साहित्याची गोडी यांचे माप दोन तासांच्या कागदात मावत नाही, ही त्यांची तक्रार रास्तच होती.

इतके अपुरे हे साधन. मग भारताने त्याकडे पाठ फिरविली हे योग्यच झाले, असे म्हणण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास तो मोह आवरावासा वाटतो.

२००९ च्या फेरीच्या जोडफेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये सहभागी झाली. निवड वाईट नव्हती; दोन्ही राज्ये शिक्षणात पुढारलेली समजली जातात. डिसेंबर २०११ मध्ये निकाल आला. वाचनात तमिळनाडूस ३३७ आणि हिमाचलास ३१७ गुण. एकूण ७४ सहभागींत त्यांच्याखाली केवळ किर्गिझस्तान. विज्ञानात हिमाचल सर्वांत शेवटी. यावर केंद्र सरकारच्या बाजूने असा आक्षेप मांडला गेला की प्रश्न भारतीय मुलांच्या परिसराशी आणि संस्कृतीशी विसंगत होते. २०१२ च्या फेरीत भारत बसला नाही. त्यापुढल्या दोन फेऱ्यांतही नाही.

आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. कोणतीही प्रश्नपत्रिका कोणत्या तरी परिसरात जन्मते, आणि अनुवादाने तिचा वास जात नाही. पण २००९ च्या फेरीतील जे प्रश्न पुढे जाहीर झाले, त्यांतील एक उतारा वाचकांनी अवश्य लक्षात घ्यावा. उष्ण हवेच्या फुग्यातून उंचीचा विक्रम करणाऱ्या विजयपत सिंघानिया यांच्यावर तो आहे. २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईहून निघून ते सुमारे २१,००० मीटर उंचीवर गेले आणि नाशिक जिल्ह्यात उतरले. उताऱ्याशेजारी फुग्याचे चित्र, आणि त्याच्या खाली बऱ्याच अंतरावर एका जंबो विमानाचे. हा विषय ब्राझीलच्या वा नॉर्वेच्या मुलापेक्षा आपल्याच मुलास जवळचा. परंतु प्रश्न काय होता? चित्रात जंबो विमान कशासाठी काढले आहे? याचे उत्तर उताऱ्यातील कोणत्याही ओळीत लिहिलेले नाही. फुगा किती उंच गेला याची कल्पना यावी म्हणून, हे मुलाने स्वतः ताडावयाचे.

येथे खरी विसंगती कळते. आपल्या मुलास उताऱ्यावरील प्रश्नाचे उत्तर उताऱ्यातील वाक्य उचलून लिहिण्याची सवय असते. गाळलेल्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले, आणि मार्गदर्शकातील तयार उत्तरे, यांवर दहा वर्षे पोसलेल्या मुलास ‘लेखकाने हे असे का केले’ हा प्रश्नच परका वाटतो, मग त्यातील माणूस मुंबईचा असो की मेलबर्नचा. परकेपण प्रश्नाच्या जातीत होते, आणि ती जात आपल्या शाळेत का नाही हे विचारण्याची ती संधी होती.

हिमाचलाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या राज्याने डोंगराळ खेड्यांतील मुलामुलींनाही मोठ्या संख्येने शाळेत आणले आणि टिकविले, हे १९९९ च्या ‘प्रोब’ अहवालाने वाखाणले होते. अधिकांना टिकविणाऱ्याची सरासरी खाली येते. अमेरिकेचे जे १९६४ साली झाले, ते काही अंशी हिमाचलाचेही झाले असेल. त्र्याहत्तरावा क्रमांक मी म्हणूनच फारसा मनावर घेत नाही. पण अहवालात क्रमांकापलीकडे दुसराही आकडा होता. साध्या उताऱ्याचा मुख्य आशय समजणे, दोन ठिकाणची माहिती जुळविणे, अशी जी किमान पातळी ठरविली होती, तेथपर्यंत तमिळनाडूतील १७ टक्के आणि हिमाचलातील ११ टक्के मुले पोहोचली. सदस्य राष्ट्रांत ८१ टक्के पोहोचली होती. यातून संस्कृती वजा करा, अनुवाद वजा करा, नमुन्याची चूक वजा करा. दहापैकी आठ-नऊ मुले दहा वर्षे शाळेत काढून साधा मजकूर समजून घेऊ शकत नाहीत, हे वास्तव उरतेच. गोखल्यांच्या १.९ ची ही सख्खी बहीण. फरक इतकाच की १९११ साली तो आकडा परक्या सरकारविरुद्ध आपल्या हातात होता, आणि शंभर वर्षांनी तो आपल्याच सरकारपुढे, आपल्याच शिक्षकांपुढे आणि आपल्यापुढे ठेवला गेला.

सरासरी आणि क्रमांक काय लपवितात याचे एक उदाहरण देतो. जिष्णु दास आणि ट्रिस्टन झाजोंक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी राजस्थान आणि ओडिशा येथील नववीच्या मुलांची गणिताची चाचणी आंतरराष्ट्रीय परीक्षेतील जाहीर प्रश्न वापरून घेतली; त्यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या ५१ देशांची माहिती उपलब्ध होती त्यांपैकी ४३ देशांच्या खाली ही राज्ये राहिली. क्रमवारी एवढे सांगून थांबली असती. ते दोघे पुढे गेले. गुणांतील विषमता मोजली तेव्हा ती दक्षिण आफ्रिकेखालोखाल जगात सर्वाधिक भरली. या दोन राज्यांवरून सबंध देशाचा अंदाज बांधला तर अमेरिकेत जेथे अत्युत्तम दहा मुले आहेत तेथे भारतात चार निघतात, आणि अमेरिकेत जेथे अगदी कच्ची दहा मुले आहेत तेथे भारतात दोनशे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी. आपल्या अभियंत्यांचे परदेशी कौतुक होते तेही खोटे नाही, आणि पाचवीतल्या मुलास दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही तेही खोटे नाही. हे दोन भारत एका सरासरीत कालविले की जो क्रमांक निघतो, त्यात यांपैकी एकही भारत दिसत नाही.

दुसरीच्या पुस्तकाची ही कसोटी ‘असर’ पाहणीची. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून कार्यकर्ते खेड्यापाड्यांतील घरोघरी जातात, मुलाच्या हाती त्याच्याच भाषेतील एक छोटा मजकूर देतात आणि वाच म्हणतात. शाळेत न जाणारे मूलही त्यात सुटत नाही. २०१८ साली ग्रामीण भारतातील पाचवीची ५०.५ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. महामारीनंतर २०२२ साली ४२.८ टक्के. परदेशाशी तुलना नाही, परका उतारा नाही, अनुवादाची सबब नाही. तरीही निदान ‘पिसा’पेक्षा फारसे वेगळे नाही. ज्यांना परक्यांचा तराजू मान्य नव्हता त्यांनी घरचा तरी अधिक आस्थेने वापरावयास हवा होता.

जानेवारी २०१९ मध्ये भारत सरकारने २०२१ च्या फेरीसाठी ओईसीडीशी करार केला. सहभागी कोण होणार होते? केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि चंदीगड. नवोदयात प्रवेश परीक्षेने होतो, केंद्रीय विद्यालयांत मुख्यतः केंद्र सरकारी नोकरांची मुले असतात, आणि चंदीगड हे देशातील सुखवस्तू शहरांपैकी एक. शांघायची युक्ती आपल्यालाही सुचली होती, एवढाच त्याचा अर्थ. क्रमांक सुधारला असता. हिमाचलाच्या अकरा टक्क्यांचे काय झाले ते मात्र कळले नसते. महामारीमुळे ती फेरी २०२२ वर ढकलली गेली आणि भारताने तीत भाग घेतला नाही. ५ डिसेंबर २०२३ रोजी तिचा तक्ता प्रसिद्ध झाला. त्यात ८१ देश व प्रदेश आहेत. कंबोडिया आहे, फिलिपिन्स आहे, उझबेकिस्तान आहे. भारताची ओळ त्यात नाही.